रुसूबाई, हसमुख आणि आईचा उजवा गाल

सोमवार, २ सप्टेंबर

आज नोकरीचा पहिला दिवस, म्हणून नवी वही. जुन्या वहीत गेल्या वर्षभराची रडगाणी आहेत, ती तिथेच राहू देत.

आमचं केंद्र बंदरावर, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि दारामागे वाळत घातलेले पाणबुड्याचे काळे रबरी कपडे. आत शिरल्या शिरल्या मी त्या कपड्यांना नमस्कार केला, कारण मला वाटलं कोणीतरी उभं आहे. आणि एक खिडकी आहे. खिडकीत अख्खा समुद्र. पगार कमी आहे हे मुलाखतीतच सांगितलं होतं, पण या खिडकीबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

काम असं आहे: खाडीच्या तळाशी समुद्री गवत उगवतं, ते चरायला हिरवी कासवं येतात. पाणबुड्या त्यांच्या तोंडाचे फोटो काढून आणतो. कासवाच्या गालावर खवले असतात आणि त्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी. मी नवा फोटो जुन्या फोटोंशी ताडून बघायचा. जुळला तर ओळखीचं कासव. नाही जुळला तर नवं, त्याला नंबर द्यायचा. थोडक्यात कासवांचं पासपोर्ट ऑफिस. आणि पासपोर्ट फोटो हा तर आमचा घरचा धंदा. दोन वर्षं बाबांच्या स्टुडिओत लोकांच्या हनुवट्या वर-खाली केल्यात मी. मुलाखतीत म्हटलं की एकदा बघितलेला चेहरा मी विसरत नाही, आणि तिथेच माझी निवड झाली.

आमच्या प्रमुख डॉक्टरबाई. डॉक्टर कासवांच्या, माणूस शिंकलं तर त्या खुर्ची मागे घेतात. त्यांनी अर्धा तास काम समजावून सांगितलं. डावं-उजवं असं काहीतरी महत्त्वाचं होतं, कारण त्या दोनदा म्हणाल्या की हे नीट लक्षात ठेव. पण नेमकी त्याच वेळी खिडकीतून एक होडी गेली. टोकावर एक कुत्रा उभा, कान वाऱ्यावर, आणि तोंडावर असा रुबाब की होडी तोच चालवतोय. मी कुत्र्याकडे बघत मान डोलवत राहिले. शेवटी बाईंनी विचारलं कळलं का, मी म्हटलं हो. सोपंच आहे सगळं.

नोकरी तीन महिने कच्ची. पक्की झाली तर माझी, नाहीतर मुकाट्याने स्टुडिओत परत, असं बाबांशी ठरलंय. बाबा म्हणाले, कासवं कधी फोटो न्यायला येतात का.  आज मला कोणाचाच राग येत नाहीये.

गुरुवार, ५ सप्टेंबर

आज पहिलं कासव जुळवलं. सगळ्यांच्या आधी, म्हणजे कॉम्प्युटरच्याही आधी. मी खुर्चीत एक गिरकी घेतली आणि खुर्चीचं चाक निघालं.

पाणबुड्याला सगळे बुडी म्हणतात. ते दिवसभर पाण्याखाली असतात आणि वर आले तरी त्यांच्या तोंडून शब्द निघत नाही. आज मात्र चाक बसवून देताना म्हणाले, "फोटोवाली, कासवं पळून जात नाहीत. सावकाश."

फोटो सगळे डाव्या गालाचे आहेत. एक्केचाळीस कासवं, एक्केचाळीस डावे गाल. हे बघून मला आईच आठवली. तिच्या उजव्या गालावर लहानपणी इस्त्री लागल्याचा डाग आहे, तिकोनी. लग्न झाल्यापासून बाबांनी तिचा एकही फोटो उजवीकडून काढलेला नाही. पोस्टात ती खिडकीवर बसते, तिथेही तिने खुर्ची अशी तिरकी करून घेतली आहे की लोकांना डावा गालच दिसावा. अख्ख्या गावाला माझी आई अर्धीच माहीत आहे.

बुधवार, ११ सप्टेंबर

डॉक्टरबाई सहा आठवडे संशोधनाच्या जहाजावर गेल्या. तिथे फोन लागत नाही. जाताना म्हणाल्या, तेवढी रोजची जुळवाजुळव चालू ठेव, बाकी कशाला हात लावू नकोस.

दुपारपर्यंत मी कशालाही हात लावला नाही. मग कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात एक फोल्डर सापडलं. नाव: "उजवे, नंतर बघू". उघडलं तर शेकड्यांनी फोटो. दहा वर्षांचे. कोणी नंबर दिलेले नाहीत, कोणी जुळवलेले नाहीत, नुसते पडून. मला इतकं वाईट वाटलं. दहा वर्षं ही बिचारी पासपोर्टच्या रांगेत उभी आणि खिडकी उघडतच नाही.

ठरवलं. बाई येईपर्यंत हे सगळं फोल्डर रिकामं करायचं. रोजचं काम करूनच करायचं, त्यामुळे हात लावू नकोस हे मोडलं असं होत नाही. त्यांना चकित करायचं. 

बाबांनी स्टुडिओच्या दारावर "मदतनीस पाहिजे" अशी पाटी लावली आहे. तिसऱ्या महिन्याची वाट तरी बघायची. हे निव्वळ मला घाबरवायला चाललंय.

शुक्रवार, २० सप्टेंबर

उजव्यांतलं एकही डाव्यांशी जुळत नाही. एकही नाही. म्हणजे सगळी नवी. मी प्रत्येकाला नंबर देत सुटले आहे आणि जाता येता गुणगुणते आहे. बुडींनी आज कानात कापूस घातला.

दोन कासवांवर माझा विशेष जीव जडलाय. एक जुनं, डाव्या फोल्डरमधलं. मादी आहे आणि तिच्या डोळ्याखालचा खवला असा खाली वळलेला आहे की कोणीतरी तिला न सांगताच जेवून घेतलंय असं वाटतं. तिचं नाव मी रुसूबाई ठेवलं. दुसरं उजव्या फोल्डरमधलं. त्याच्या ओठाच्या कोपऱ्याशी खवला वर वळलाय, कायम गालातल्या गालात हसतोय. त्याचं नाव हसमुख.

तर गंमत अशी की दोघंही पाण्यावर तरंगणाऱ्या एकाच पिवळ्या बोयाजवळ चरतात. फोटोंच्या तारखासुद्धा एकच. आणि दोघांच्याही पाठीचा मागच्या बाजूला टवका उडालेला, अगदी सारखा. बोटीच्या पंख्यात दोघंही एकाच दिवशी सापडली असणार. कुठल्या गोष्टीने कोणाचं सूत जुळेल सांगता येत नाही. एकमेकांबरोबर मात्र एकाही फोटोत नाहीत. लाजत असतील.

मंगळवार, १ ऑक्टोबर

आमच्या वेबसाइटवर मी फोटो टाकते, खाली मी ठेवलेली नावंही, आणि लोकांनाही ते बघून मदत करता येते. बहुतेक जण एकदा येतात, "किती गोड" लिहितात आणि जातात. पण दहा-बारा दिवसांपासून एक जण रोज येतो. नाव सावली. तो काय लिहितो बघा: "प्रकाश मागून आल्याने चेहरा काळा पडला आहे. पाणबुड्याने सूर्य पाठीशी घ्यावा." आणखी एका फोटोखाली: "हनुवटी जरा खाली हवी होती."

कासवाची हनुवटी. मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी बुडींना सांगितलं, त्यांनी सूर्य पाठीशी घेतला आणि फोटो असे काही आले की खवला न् खवला मोजावा.

सावली कोण असेल? निवृत्त चित्रकलेचे मास्तर असतील. किंवा एखादा एकटा, उंच, समुद्रकिनारी राहणारा. जेवताना बाबांना त्याच्याबद्दल सांगितलं तर त्यांना ठसका लागला. आईने त्यांच्या पाठीवर नको तितक्या जोरात थापट्या मारल्या.

बुधवार, ९ ऑक्टोबर

सावलीने आज विचारलं: "रुसूबाई आणि हसमुख यांचा एकत्र फोटो का नाही?"

मी लिहिलं, दोघं लाजाळू आहेत. त्यावर त्याने लिहिलं, "बरं. पण बघा." काय बघा? मनस्वी माणूस दिसतो.

सोमवार, २१ ऑक्टोबर

फोल्डर रिकामं. एक्केचाळीस अधिक सदतीस. अठ्ठ्याहत्तर कासवं. मी आकडा कागदावर मोठा लिहून खिडकीच्या काचेवर आतून चिकटवला, म्हणजे समुद्रालाही दिसेल. मग लक्षात आलं की समुद्राकडून तो उलटा दिसत असेल. काढून तोंड बाहेर करून लावला.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

डॉक्टरबाई आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आतच मी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. त्या आकड्याकडे बघतच राहिल्या. मग चष्मा काढला. मला वाटलं आता रागावणार, हात लावू नकोस म्हटलं होतं ना. पण त्या रडत होत्या.

म्हणाल्या, "दहा वर्षं मी लोकांना वाईट बातम्या देतेय गं. माझ्या घरचे मला विचारतच नाहीत काम कसं चाललंय."

आणि मला मिठी मारली. मी शिंकले असते तरी त्यांनी सोडलं नसतं. बुडी दारात उभे होते, तेही हसले, म्हणजे अर्धं हसले. आजच्याइतकी खूश मी कधीच नव्हते. घरी येताना मी बसमधून एक थांबा आधी उतरले, कारण बसून राहवेना.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

पाच डिसेंबरला बंदर समितीची सभा आहे. खाडीतल्या गवतावरून वेगाने बोटी न्यायला बंदी आहे, ती पुढे चालू ठेवायची की नाही हे तिथे ठरणार. डॉक्टरबाई आमचा आकडा मांडणार आहेत आणि बरोबर मलाही नेणार आहेत. नवीन कुर्ता शिवायला टाकला.

आज अचानक स्पीडबोटवाले शेठ केंद्रात आले, मोठा केक घेऊन. पर्यटकांना फिरवायच्या त्यांच्या बोटी आहेत. कासवं दुप्पट झाली हे ऐकून म्हणे त्यांना अतोनात आनंद झाला. माझा हात हातात घेऊन म्हणाले, ताई, तुमच्यासारखी माणसं हवीत. आकडा त्यांनी स्वतः लिहून घेतला. किती निसर्गप्रेमी माणूस. बुडींनी मात्र केकला हातही लावला नाही. कदाचित त्यांना क्रीम चालत नसेल.

रविवार, १ डिसेंबर

आज घरात रामायण झालं.

सकाळी आई गच्चीत केस वाळवत बसली होती. उन्हाकडे उजवा गाल, डोळे मिटलेले. इतकी छान दिसत होती की मी गुपचूप फोटो काढला आणि खाली स्टुडिओत बाबांना पाठवला. म्हटलं, मजा येईल.

बाबांचं उत्तर आलं: "ही कोण?"

एवढंच. आईने माझ्या खांद्यावरून वाचलं.  बाबा वर आले तेव्हा त्यांना कळेना की आपलं काय चुकलं. कळलं तेव्हा ते दाराशीच उभे राहिले. म्हणाले, मला वाटलं तुमच्या ऑफिसातल्या कोणी असतील. त्याने तर आगीत तेलच पडलं. तीस वर्षांचा संसार आणि स्वतःची बायको उजवीकडून ओळखू येत नाही. आई दिवसभर दोघांशीही बोलली नाही, आणि मला तर हसू आवरेना, म्हणून माझ्यावर जास्त चिडली.

सोमवार, २ डिसेंबर

आज मला हसू येत नाहीये.

सकाळी कामाला बसले, समोर रुसूबाईचा फोटो होता. मनात सहज कालचं वाक्य आलं: ही कोण? आणि हात थांबला. मी हसमुखचा फोटो शेजारी उघडला. पाठीचा टवका बघितला. तारीख बघितली. बोया बघितला. सगळं तेच. मी त्याच दिवसाचे बुडींचे सगळे फोटो ओळीने लावले. आधी डावा गाल. मग कासव मान वळवतं. मग उजवा.

रुसूबाई आणि हसमुख एकच आहे.

कासवाच्या दोन गालांची नक्षी वेगळी असते. हेच डॉक्टरबाई पहिल्या दिवशी अर्धा तास सांगत होत्या. एकच बाजू मोजायची, दोन्ही मोजल्या तर एकाची दोन होतात, म्हणून ते फोल्डर बाजूला होतं. आणि मी कुत्रा बघत होते.

अठ्ठ्याहत्तर वगैरे काही नाही. मी जवळजवळ प्रत्येकाला दोनदा मोजलंय. खाडीत कासवं वाढलेली नाहीत, नुसती मान वळवतायत. आणि परवा, नाही, तेरवा ती सभा. शेठनी केक का आणला तेही आत्ता उजेडात आलं. कासवं दुप्पट झाली म्हणजे बोटींनी त्यांचं काही बिघडत नाही, असं ते म्हणणार आणि बंदी उठणार. हसमुखच्या पाठीला तो टवका पाडला कोणी? 

कोणालाही न सांगता घरी आले. उद्या सांगते. नोकरी तर गेलीच.

मंगळवार, ३ डिसेंबर

सांगितलं.

डॉक्टरबाई आकड्याची पाटी रंगवत होत्या, सभेसाठी. मी म्हटलं, बाई, ती रंगवू नका. मग एका दमात सगळं सांगितलं, कुत्र्यासकट. त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला आणि बराच वेळ तो पाण्यातच फिरवत राहिल्या. मला वाटलं ओरडतील तर बरं. 

शेवटी म्हणाल्या, "मी तपासलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं. मला तपासायचंच नव्हतं."

मी म्हटलं मी राजीनामा लिहून आणलाय. त्या म्हणाल्या, तो नंतर बघू, आधी हे सांग की सभेत लोकांना कसं समजवायचं. शेठनी आकडा सगळीकडे पसरवलाय. आता आपण कमी सांगितला तर म्हणतील, बंदी टिकवायला आकडा पाडला. खवले, नक्षी, गाल, कोणाला काय कळणार? समितीच्या अध्यक्षांना सगळी कासवं सारखीच दिसतात.

मी म्हटलं, मला एक सुचतंय, पण घरून परवानगी मिळायची नाही.

बुधवार, ४ डिसेंबर

परवानगी मिळाली.

आईला भाजी चिरताना विचारलं. तिचे दोन फोटो हवेत, एक डावीकडून, एक उजवीकडून, पडद्यावर, सगळ्या गावासमोर. तिने कांदा संपवला. मग विचारलं, तुझी नोकरी जाणार आहे का यात? मी म्हटलं बहुतेक. ती म्हणाली, आणि कासवांचं? मी म्हटलं त्यांचंही. तिने हात धुतले आणि पदराला पुसत बाबांना म्हणाली, "अहो, दिवे लावा. आणि नीट बघून काढा, म्हणजे पुढच्या वेळी ओळखाल."

बाबांनी स्टुडिओचं दार लावून घेतलं. आईला उजवीकडून बसवलं. दिवा सरकवला, परत सरकवला, परत मागे नेला. पासपोर्टचा फोटो ते डोळे मिटून काढतात, पण आज घाम पुसत होते. म्हणाले, हनुवटी जरा खाली, खांदे सैल सोड. मग कॅमेऱ्यामागून बाहेर आले आणि नुसते तिच्याकडे बघत उभे राहिले. आई म्हणाली, काढताय ना. ते म्हणाले, काढतो, घाई नाही. मी बाहेर जाऊन बसले. मला तिथे जास्त झाल्यासारखं वाटलं.

गुरुवार, ५ डिसेंबर



सभेचं सभागृह भरलेलं. शेठ पहिल्या रांगेत. ते आधी बोलले: केंद्राचाच आकडा आहे, कासवं दुप्पट झाली, अभिनंदन, आता बंदी कशाला? टाळ्या पडल्या. मग डॉक्टरबाई उठल्या आणि म्हणाल्या, आमचा आकडा चुकला आहे, चूक कशी झाली ते ही मुलगी सांगेल. सभेत कुजबुज सुरू झाली. शेठ मोठ्याने म्हणाले की सभा आली आणि बरोबर कासवं कमी झाली, काय योगायोग. माझी तर पाचावर धारण बसली होती. नव्या कुर्त्याचा गळा टोचत होता.

मी पडद्यावर दोन फोटो लावले. शेजारी शेजारी, सारख्या आकाराचे. अध्यक्षांना विचारलं, या किती बायका आहेत?

ते म्हणाले, दोन. डावीकडच्या पोस्टातल्या बाई, रोज बघतो त्यांना. उजवीकडच्या माहीत नाहीत. मी शेठना विचारलं. तेही म्हणाले, दोन, यात विचारायचं काय.

तिसऱ्या रांगेतून आई उठली. आधी डावा गाल सभेकडे केला. मग सावकाश मान वळवून उजवा. तिने गालाला हात लावला नाही, पदर पुढे घेतला नाही.

"एकच," ती म्हणाली. "आणि अध्यक्षसाहेब, तुमची पत्रं मीच घेते."

 मग मागून कोणीतरी हसलं आणि अख्खं सभागृह हसायला लागलं, अध्यक्ष तर टेबलावर हात आपटून. हसणं ओसरल्यावर मी म्हटलं, माझी चूक एवढीच झाली, मी एका बाईच्या दोन बायका केल्या. आता पुढचं कोणाला समजवावं लागलं नाही. मग रुसूबाईचे दोन्ही गाल दाखवले आणि पाठीचा टवका. हा कशाने पडतो हे बुडींनी उभं राहून सांगितलं. दोन शब्दांत. "बोटीचा पंखा." म्हणून बसले.

बंदी कायम. शेठ आमच्याकडे न बघता गेले. मला वाटतं केक परत मागणार नाहीत, तो संपलाय.

बाबा दाराशी उभे होते, आईला म्हणाले चला. आई त्यांच्या डाव्या हाताला चालते नेहमी. आज उजव्या हाताला होती, उजवा गाल लोकांकडे.

रविवार, ८ डिसेंबर

तीन दिवस डॉक्टरबाई, बुडी आणि मी, डावे-उजवे जोडत बसलो होतो. टवके, डाग, तारखा, सगळं ताडून. बहुतेक सगळ्यांच्या जोड्या लागल्या. पण बुडींच्या या आठवड्यातल्या फोटोंत दोन कासवं अशी निघाली की त्यांचे दोन्ही गाल एकाच दिवशी टिपलेले, आणि दोन्हींपैकी एकही जुन्या कोणाशी जुळत नाही. म्हणजे नवी. खरीखुरी नवी. त्रेचाळीस.

डॉक्टरबाईंनी तो आकडा स्वतः तीनदा तपासला. मग घरी फोन लावला आणि म्हणाल्या, ऐका, दोन वाढली. फोनवरून कोणीतरी काहीतरी विचारलं असावं, कारण त्या पुढे बराच वेळ बोलत होत्या.

मी धीर करून राजीनाम्याचं विचारलं. त्यांनी टेबलाचे सगळे कप्पे शोधले, सापडेना. मग म्हणाल्या, तुझे तीन महिने तर एक तारखेलाच संपले, मी बघायलाच विसरले, म्हणजे तू गेल्या सोमवारपासून पक्की आहेस. मी म्हटलं, सोमवारीच तर मला चूक कळली. त्या म्हणाल्या, बघ, पक्की झालीस आणि लगेच काम करायला लागलीस. नव्या स्वयंसेवकांना पहिला धडा आता मी द्यायचा आहे, डावं-उजवं. खिडकीकडे पाठ करून.

बुडींनी काल रुसूबाईचा समोरून फोटो आणला. पहिल्यांदाच समोरून. अर्धी रुसलेली आहे आणि अर्धी हसतेय. नाव काय ठेवावं या विचारात आहे, घाई नाही.

स्टुडिओत नवा मदतनीस आला, बाबा त्याच्या हनुवटीवरून चार तास बोलले. काचेच्या कपाटात नवरा-नवरींचे जुने फोटो होते ते काढून टाकलेत. आता तिथे फक्त आई आहे, उजवीकडून. संध्याकाळी पोस्टातल्या दोघी मुद्दाम बघून गेल्या. आई म्हणाली, डाग फार स्वच्छ आलाय. पण काढून ठेवा म्हणाली नाही.

आणि सावली. सभेचं त्याला कुठून कळलं कोण जाणे, आज सकाळी त्याने लिहिलं, "तुमचं काम बघून अभिमान वाटतो." मला रडूच आलं. अनोळखी माणूस इतकं मनापासून लिहितो आणि घरचे साधं शाबास म्हणत नाहीत. हे मी जेवताना बोलूनही दाखवलं. बाबा ताटात बघत होते.

मी ठरवलंय, सावलीला एकदा केंद्रात बोलवायचंच. बाबांना म्हटलं, तुम्हीही या, तुमचं फार जमेल त्याच्याशी, दोघांनाही हनुवटीचं वेड. मला तुमचा दोघांचा एकत्र फोटो हवाय.

आई तोंडावर हात धरून स्वयंपाकघरात पळाली. तिथून तिच्या हसण्याचा आवाज किती तरी वेळ येत होता, आणि विचारलं तर काही सांगेना.

बाबा म्हणाले, "तसा फोटो काढणं जरा अवघड आहे."